साठ किलोचा माणूस

ट्रेडमिलचा पट्टा सुरू झाला आणि पैलवानाचा उजवा पाय मागेच राहिला. दांडी धरली म्हणून तो वाचला.

"पाय उचला काका, फरपटू नका," ट्रेनर म्हणाली. तरतरीत, हसरी मुलगी होती. "पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं."

"होईल सवय," तो म्हणाला.

घर बदलणाऱ्यांचं सामान हलवण्यात त्याची हयात गेली होती. लोखंडी कपाट एकटा पाठीवर घेऊन जिना चढायचा, म्हणून सोबत्यांनी पैलवान हे नाव चिकटवलं. आता तो गाडीपाशी उभा राहून नुसते हुकूम सोडायचा. पोट सुटलं होतं. जिमच्या आरशांनी ते चारी बाजूंनी त्याच्या पदरात घातलं.

"कितीवर यायचंय?" ट्रेनरने विचारलं.

"साठ."

"तुमच्या उंचीला साठ म्हणजे काडी व्हाल. त्यापेक्षा थोडे डंबेल्स मारा. दंड भरतील, छाती येईल."

"ताकद नको. नुसतं वजन उतरव."

"लोक नेमकं उलटं मागतात, काका."

"लोकांना लोकांचं माहीत," तो म्हणाला आणि पुन्हा चालू लागला.

घरी बायको शिवणाच्या मशीनवर वाकली होती. फुंकर घातली तर उडेल अशी बाई. पावलांचा आवाज आला, तशी मशीनची टकटक थांबली.

"आलात का घाम गाळून? जन्मभर लोकांनी तुम्हाला घामाचे पैसे दिले. आता तुम्हीच पैसे मोजून घाम गाळताय. उलटी गंगा."

"डॉक्टर म्हणाले, वजन जास्त आहे."

"ते मी वीस वर्षं सांगतेय. माझ्याकडे दवाखान्याची पाटी नाही, म्हणून ऐकलं नाहीत."

तो हसला. ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठला. उरलेल्या अर्ध्याकडे ती बघत बसली. मूलबाळ नव्हतं, जेवायला दोनच माणसं. त्यातलं एक रोज थोडं थोडं कमी होत होतं.

धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा तिने हसत हसत सगळं सांगितलं. बहीण हसली नाही.

"ताई, या वयात नवरा आरशासमोर उभा राहायला लागला, की समजावं बघणारं दुसरं कुणीतरी आहे."

"तुझं आपलं काहीतरीच," ती म्हणाली. पण सुईचं टोक मोडून कापडात राहावं, तसं ते वाक्य आत राहिलं. हात फिरला की टोचायचं.

मग तिला दिसू लागलं. दुपारी तो कामावरून मध्येच कुठेतरी जायचा. कुठे, ते सांगायचा नाही. एकदा परतला तेव्हा सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती. सकाळी तिनेच नीट लावून दिली होती. ती बघत राहिली.

दुसऱ्या आठवड्यात सोबत्यांना बोलावून त्याने आपला पलंग खालच्या खोलीत नेला.

"जिना नकोसा होतो," तो म्हणाला.

"माझ्यासकट?"

"काहीतरी बोलू नकोस."

वरच्या खोलीत एकाच माणसाचं अंथरूण राहिलं.

विजारी ढिल्या झाल्या. महिन्या-दोन महिन्यांनी तो त्या तिच्यापुढे ठेवायचा आणि ती कमरेत आवळून द्यायची. त्या कमरेचा घेर तिच्या बोटांना पाठ होता. आता बोटं चुकत होती. उसवायचं, आत घ्यायचं, शिवायचं. एका संध्याकाळी दोरा दातांनी तोडताना तिच्या मनात आलं, आपणच आपल्या हाताने याला दुसरीच्या मापाचा बेततोय.

त्या संध्याकाळी तो दारात चपला काढत होता. भिंतीला हात टेकून, सावकाश.

"एक विचारू?" ती म्हणाली. "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिच्यासाठी हे चाललंय. मी भांडणार नाही. बहिणीकडे जाईन. फक्त अंधारात ठेवू नका."

त्याने दुसरी चप्पल काढून भिंतीशी ठेवली. त्याचा चेहरा इतका उतरला होता की तिला वाटलं, झालं, खरंच आहे.

"उद्या माझ्याबरोबर जिममध्ये चल," तो म्हणाला. "तिथेच सांगतो. घरात तोंड उघडत नाही माझं."

ती ठेवणीतले कपडे घालून गेली. हरायचंच असेल तर नेटकं दिसून हरावं. ट्रेनर धावत आली, पैलवानाच्या कोपराला हात देऊन तिने त्याला काट्यावर चढवलं. कोपरावरचा तो हात बायकोने पाहिला. तरुण, गोरा, सराईत हात.

"साठ," ट्रेनर म्हणाली. "काकू, असा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. एक दिवस खाडा नाही."

"असतीलच ना तशी कारणं," बायको म्हणाली.

पैलवान काट्यावरून उतरला.

"माझं झालं," तो ट्रेनरला म्हणाला. "आता हिला शिकव."

"काकूंना? त्यांचं काय उतरवू, हाडं?"

"उतरवू नकोस. हिच्यात ताकद भर. वजन उचलायचं कसं, ते शिकव. कंबर न मोडता, एकटीने. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर."

ट्रेनरने बायकोकडे पाहिलं, बायकोने त्याच्याकडे.

"पण उचलायचंय काय त्यांना?"

पैलवान भिंतीला धरून खाली बसला, मग चटईवर आडवा झाला. हात अंगाशी सरळ ठेवले, छताकडे पाहिलं.

"मला," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणालेत, आधी पाय जाणार आहेत, मग हात."