पाईप तापू न देण्याची रीत

“बाबा फोनवर तोंडात काहीतरी धरल्यासारखे बोलत होते गं. जरा बघशील?” नणंद म्हणाली.

“पाईप धरला असेल, दुसरं काय!” असं म्हणून सुनेनं फोन ठेवला. लेकीला काय, काळजी करायला फोन पुरतो. डाग पुसायला सून आहेच.

बाल्कनीत सासरे पाईप गुडघ्यांत धरून एका हातानं भरत होते. अर्धी तंबाखू सतरंजीवर, नेमकी बाळ रांगतं तिथं. तपकिरी लाळ हनुवटीवरून ओघळून कॉलरवर गेली होती. त्यांनी पुसलीसुद्धा नव्हती. तिनं बाळाला चटकन कडेवर घेतलं.

“बाबा, स्पष्टच सांगते. हा पाईप सुटेपर्यंत बाळ तुमच्या मांडीवर येणार नाही.”

सासऱ्यांचा हात थांबला. नातवात त्यांचा जीव अडकलेला होता. ते माहीत होतं, म्हणूनच तिनं हे अस्त्र काढलं होतं.

“अगं, धूर कुणाचा होतो? घाई करणाऱ्याचा.” शब्द लाळेत बरबटून बाहेर आले. “मी दाखवतो. पटलं तर नातू माझ्याकडे. नाही पटलं तर पाईप कचऱ्यात.”

“दाखवा.”

“खाली सैल भरायची, वर जरा घट्ट.” त्यांनी पाईप दातांत धरून लायटर लावला. “पहिला जाळ नुसता वरच्या थराला. मग राख हलकेच दाबायची, पुन्हा पेटवायचं. आता ओढायचा नाही, सूनबाई. गरम चहाचा घोट घेतेस ना, तसा घ्यायचा. विझला तर विझू दे. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय!”

त्यांनी घोट घेतला. ओठांच्या कडेतून फुस्सकन हवा सुटली. पुन्हा घेतला, पुन्हा फुस्स. मग ते भात्यासारखे भराभर ओढू लागले. नळीत गुडगुड झाली. एक काळपट थेंब मांडीवर पडला.

शी! माणसानं निदान तोंड तरी धड मिटावं.

“हेच का तुमचं सावकाश?” तिनं नाकाला पदर लावला.

“तापलाय का, ते गालाला विचारायचं. गालाला लावून धरता आला, की समजायचं थंड आहे.”

त्यांनी पाईपची वाटी डाव्या गालावर दाबून धरली आणि निवांत तिच्याकडे बघत राहिले.

वास आला. तंबाखूचा नव्हे.

“बघ, थंडगार! आण माझा नातू इकडे.”

वाटीखाली कातडी पांढरी पडून सुटत होती. बाळाला घ्यायला ते डावा हात उचलू गेले. हात मांडीवरच राहिला. तरी ते हसत होते, उजव्या बाजूनं तेवढे.

तुमच्या घरी कुणी वडीलधारं असेल, तर ही गोष्ट इथंच ठेवा आणि त्यांच्यापाशी जा. काहीही बोला, पण त्यांना हसवा. आणि तोंडाच्या दोन्ही कडा वर जातात का, ते नीट बघा.