गुळाचं पारडं

मोहिनीने पायातले पैंजण काढून आईच्या हातात दिले. "टोचतात," म्हणाली. बांगड्या आधीच पिशवीत गेल्या होत्या. कालपासून पाणीसुद्धा तिने ओठ ओले करण्यापुरतंच घेतलं होतं.

देवीच्या सभामंडपात कांद्याच्या खळ्यावरचा मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात गुळाच्या पाच ढेपा, दहा-दहा किलोच्या. दुसरं पारडं तिच्यासाठी. मागे मोहिनी टायफॉइडने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या आईने, उज्वलाबाईंनी, नवस बोलला होता: पोर उठली की तिच्या वजनाइतका गूळ वाहीन. आता हळद तोंडावर आली. लग्नाआधी नवस फेडायलाच हवा.

मोहिनीला भीती वाटत होती. देवीची भीती नव्हे. पुढच्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांची. होणाऱ्या सासूबाई सुपारीच्या दिवशी हसत म्हणाल्या होत्या, "मुलगी पसंत आहे. लग्नापर्यंत जरा अंगाने उतरली की झालं." तेव्हापासून तिच्या ताटातली भाकरी गुपचूप गोठ्यात जात होती. आईसमोर बसून जी खावीच लागे, ती नंतर मोरीत घशात बोटं घालून बाहेर. पण गूळ कुठे लपवणार? तो आज सगळ्या गावादेखत मोजला जाणार होता, वर व्हिडिओ शूटिंगवाला दिवा पेटवून उभा होताच.

"पाच ढेपा पुरतील का रं, रंगनाथ?" बायडाआत्याने विचारलं. "आमची पोरगी खात्यापित्या घरची हाय."

बायका हसल्या. सासूबाईही हसल्या.

रंगनाथ मार्केट यार्डातला मापारी, रोज कांदा मोजणारा. त्याने रिकामं पारडं खाली दाबून धरलं. मोहिनी मांडी घालून बसली आणि तिने साखळ्या घट्ट पकडल्या.

"सोडतो बरं का," म्हणत त्याने हात काढला.

पारडं झटक्यात वर गेलं. मंडपात पुन्हा हशा पिकला. रंगनाथने एक ढेप उतरवली, तरी पारडं वरच. हसू विरलं. तो दुसऱ्या ढेपेपाशी वाकला आणि तसाच थांबला.

"अगं बया," आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "काही हाय का नाय हिच्यात?"

मोहिनीला ते ऐकू गेलं नाही. सगळे एकदम गप्प का झाले, एवढंच तिला कळत नव्हतं. समोर अजून चार ढेपा होत्या. चार. तिच्या डोळ्यांना त्या मंडपभर दिसत होत्या. सासूबाई शेजारणीच्या कानाला लागल्या, आणि मोहिनीने पोट आत ओढून घेतलं.

दोन्ही पारडी बरोबरीला आल्याशिवाय नवस फिटत नाही. उज्वलाबाई पुढे झाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. लेकीचा पदर सारखा करावा तसा त्यांनी तिच्या पारड्याच्या कडेवर हात ठेवला आणि देवीसमोर, सगळं बळ एकवटून, पारडं खाली ओढलं.

रंगनाथने ते पाहिलं आणि मान फिरवली. काटा मध्यावर आला.

"चार ढेपा," तो मोठ्याने म्हणाला. घंटा वाजली. मंडपाने सुटकेचा निःश्वास सोडला. शूटिंगवाल्याने दिवा मोहिनीच्या तोंडावर धरला.

मोहिनीने आईचं मनगट पकडलं.

"आई, हात काढ ना," ती पुटपुटली. "त्यांना वाटेल, एवढी सगळी मीच आहे."