तिसरं दार

पहिल्या दाराचा नकार विताला आपल्या स्वयंपाकघरात बसून ऐकू आला.

"कोण आहे?"

"येशू, योसेफ आणि मरिया."

"जागा नाही! पुढे व्हा!"

हा समोरच्या अगातिनाचा आवाज. संत योसेफाच्या सणाला गावातले तिघं येशू, योसेफ आणि मरिया होऊन आसरा मागत तीन दारं ठोठावतात, आणि दर वर्षी ती त्यांना इतक्या हौसेने हाकलते की खऱ्या योसेफालाही धडकी भरावी. आता दुसरं दार, तेही नाहीच म्हणणार. तिसरं विताचं. नवस बोलणाऱ्या घराचं दार तिसरं असतं, आणि ते उघडायचंच असतं.

विता दाराआड येऊन उभी राहिली, अनवाणी. नवस फिटेपर्यंत पायात काही घालायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. नवसाच्या टेबलावर विकतचं चालत नाही, म्हणून पीठ, अंडी, मध, सगळं तिने तसंच गल्लीत दारोदार फिरून मागून आणलं होतं. अगातिनाशी तिचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. तिच्यापुढेही ओंजळ पसरली होती. आत टेबल सजलं होतं. तमालपत्राच्या डहाळ्या, संत्री, सूर्याचे, चंद्राचे आणि शिडीच्या आकाराचे पाव. मोठ्या पातेल्यात पास्ता, त्यावर भाजलेल्या पावाचा चुरा. योसेफ सुतार, तेव्हा तो चुरा म्हणजे त्याच्या घरचा भुसा.

नवस एकच होता. लिबोरिओ घरी येऊ दे.

पोरगा तीन वर्षं क्रूझच्या जहाजावर नोकरीला होता. त्याचं जहाज सगळ्या सिसिलीला प्रदक्षिणा घालायचं, पालेर्मो, मेस्सिना, सिराकुसा, आणि त्यांचं त्रापानी तेवढं टाळून जायचं. यंदा थांबणार होतं. "आई, योसेफाबरोबर मीही दार ठोठावीन," तो फोनवर म्हणाला होता. "फक्त बाराच्या ऐवजी दहाला करा हं. मला परत जहाजावर जायचंय." विता फादरांशी भांडली आणि वेळ बदलून घेतली. पोरासाठी मुहूर्त हलवला, त्यात काय एवढं!

दारावर काठी वाजली.

"कोण आहे?" विताने आतून विचारलं.

"येशू, योसेफ आणि मरिया," जाळी विणणारा म्हातारा नोफ्रिओ खाकरत म्हणाला. आणि त्याच्यामागून कुणी तरी, "आणि लिबोरिओ, आई!"

तिने दार सताड उघडलं. पुढे योसेफ झालेला नोफ्रिओ, मरिया झालेली शेजारची मुलगी, तिच्या कडेवर शेंबडा येशू. त्यांच्यामागे लिबोरिओ, अंगाने भरलेला, पांढऱ्याशुभ्र शर्टात. त्याच्या हातात सहलीचे गाइड धरतात तशी उंच पाटी होती, तिच्यावर अकरा नंबर. आणि पाटीमागे गल्लीभर माणसं. प्रत्येकाच्या छातीवर अकराचं गोल स्टिकर, प्रत्येकाचा फोन वर.

विताने हात पसरले.

"थांब आई, लगेच मिठी नको," तो पुटपुटला. "मागच्यांना दिसत नाहीये. मी खूण करतो."

तिचे हात तसेच राहिले.

पुढे उभी असलेली गवती टोपीवाली बाई मोडक्यातोडक्या सिसिलियनमध्ये बोलू लागली. तिचे आजी-आजोबा इकडचेच असावेत. "तूच का गं ती आई? काल पालेर्मोत नुसती चर्चं बघून आम्ही कंटाळलो. तुझ्या मुलाने जहाजावर सगळं सांगितलं. तुझा नवस, तुझे हे पाय. म्हणाला, दार उघडलं की आई रडते. त्यासाठीच तर आम्ही इकडची तिकिटं काढली." बाईचे स्वतःचेच डोळे भरले होते. तिचा काही दोष नव्हता.

विताने पोराकडे पाहिलं. त्याने पाटीकडे.

"त्यात वाईट काय आहे, आई? लोकांना आवडतं असलं. ही सहल चालली तर माझी बढती आहे. आणि मी आलोच ना?"

दहाला. दहाला का, ते आत्ता कळलं. जहाजाच्या वेळापत्रकासाठी ती फादरांशी भांडली होती. पोटच्या पोराने तिला फसवलं होतं, तेही संताच्या सणाला. घशाशी आलेलं रडू तिने गिळून टाकलं. निदान ते तरी ती कुणाला देणार नव्हती.

"विते, लाव दार!" समोरून अगातिना ओरडली. "मी हाकलते बघ एकेकाला!"

"तिसऱ्या दारावरून कुणाला हाकलत नाहीत," विता म्हणाली. तिने नोफ्रिओला आत घेतलं, मुलीला घेतलं, मग टोपीवालीचा हात धरला. "या. फोन खिशात ठेवा आणि हात धुवा."

"अहो, पण आम्ही नुसतं बघायला..."

"इथे बघायचं काही नाही. इथे जेवायचं असतं."

माणसं अवघडत आत आली. पलंगाच्या कडेवर बसली, जिन्यावर बसली, काही भिंतीला टेकली. सगळ्यांत शेवटी लिबोरिओने पाटी खाली घेतली आणि उंच झाल्यापासून जसा वाकायचा तसा चौकटीखाली वाकला.

विता दारात आडवी आली.

"कोण आहे?"

तो हसला. "आई, काय हे! मी. लिबोरिओ."

"जागा नाही," ती म्हणाली. "पुढे हो."

तिने दार लावलं. बाहेरून त्याने एकदा ठोठावलं, मग दुसऱ्यांदा. नंतर नाही.

नोफ्रिओने काठी भिंतीला लावली, कोपऱ्यातल्या तिच्या चपला उचलून आणल्या आणि तिच्या पायाशी ठेवल्या. "घाल बाई आता. नवस फिटला तुझा. आला ना पोरगा."

"कुठे आला?" विता म्हणाली, आणि अनवाणीच पास्ता वाढायला लागली.