मनगटावरची झोप

"आजही लालच," असं म्हणून त्याने फोन उशीवर पालथा टाकला.

मनगटावरचा काळा पट्टा रात्रभर नाडी मोजायचा, पावलं मोजायचा आणि सकाळी फोनकडे चुगली करायचा. फोनवर रेघ उमटायची. हिरवी म्हणजे गाढ झोप, लाल म्हणजे जाग. गेले कित्येक दिवस रेघ लाल होती. खरं तर जाग आल्या आल्या त्याला चांगलं टवटवीत वाटे. पण रेघ पाहिली की अंग जड व्हायचं, डोळे चुरचुरायचे आणि दात घासता घासता जांभया यायच्या.

पट्टे लेकीने पाठवले होते, आईबापाला एकेक, अगदी सारखे. डबे उघडून, दोन्ही पट्टे टेबलावर शेजारी ठेवून त्यांना दोघांच्या फोनशी जोडायचं काम त्यानेच केलं होतं. घरातला बटणांचा कारभार त्याच्याकडे असे, आणि त्यात तो कुणाचं ऐकून घेत नसे.

"तुझी कशी?" त्याने विचारलं.

"हिरवीगार." बायकोने आपला फोन त्याच्यापुढे धरला. "मी काय, आडवी पडले की गेलेच."

तिचं बरं होतं. हॉस्पिटलच्या टेलिफोनवर तिने उभी हयात काढली होती. आता तिथे यंत्र बोलतं, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. तिला घरी बसवलं तेव्हा ती "सुटले बाई एकदाची" म्हणून हसली होती. अशा माणसाला झोप लागायचीच, असं त्याला वाटे, आणि थोडा हेवाही वाटे.

त्याला स्वतःला झोपेवाचून भागणार नव्हतं. तो बांधकामावर उंच क्रेन चालवायचा. सगळे त्याला कप्तान म्हणत. वर टांगलेलं लोखंड, खाली राबणारी माणसं आणि मध्ये त्याचा हात. तिथे डुलकी लागली तर कुणाच्या तरी घरचा दिवा विझणार. ही भीती त्याला आता जेवतानाही सोडत नव्हती.

त्यात पावलांचं कोडं. फोन म्हणे, हा माणूस रात्री चालतो. त्याला तर एक पाऊल आठवत नसे. पण पुरावे समोर होते. सकाळी ओटा लख्ख घासलेला असे. डब्यांची रांग बदललेली असे. गॅलरीचं दार उघडं असे, आणि एकदा तर आतली खुर्ची बाहेर कठड्याला टेकलेली दिसली.

"रात्री तू उठली होतीस का गं?"

"मी? माझी रेघ पाहिलीत ना?"

"म्हणजे मीच."

"झोपेतलं आपलं आपल्याला कुठे कळतं," ती म्हणाली.

विचार करून करून त्याच्या डोक्याचा भुगा झाला. इतक्या वरच्या मजल्यावर, कठड्यापाशी खुर्ची घेऊन आपण काय करत असू?

"मुकादमाला सांगून टाकतो," तो शेवटी म्हणाला. "क्रेन बंद. घरी बसतो."

"घरी बसू नका." ती एकदम बोलून गेली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आधी डॉक्टरीणबाईंना दाखवा."

बांधकामावरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, रक्तदाब पाहिला, एका रेघेवरून चालायला लावलं.

"ठणठणीत आहात. तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय?"

"मला बरं वाटतंय. पण हा म्हणतो, बरं नाही." त्याने मनगट पुढे केलं.

"मग खरं कुणाचं धरायचं?"

"ह्याचं. मी झोपलेला असतो, हा जागा असतो."

बाईंनी हसून हात पुढे केला. "द्या इकडे. आजची रात्र हा माझ्या खणात झोपेल. उद्या या, मग क्रेनचं बघू."

घरी आला तेव्हा मनगट उघडं, आणि जिवाला घोर. पहारेकरीच नसल्यावर रात्री आपण काय करू नि काय नाही, याचा भरवसा कुणी द्यायचा? त्याने गॅलरीच्या दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.

"तुझ्याकडेच ठेव. मी मागितली तरी द्यायची नाही."

तिने किल्ली तळहातावर उलटीसुलटी केली. बराच वेळ ती किल्लीकडे पाहत राहिली. "ठेवते," एवढंच म्हणून तिने ती गाऊनच्या खिशात टाकली.

सकाळी जाग आल्यावर सवयीने त्याचा हात फोनकडे गेला. मग आठवलं, आज रेघ कुठली दिसायला, पट्टा तर डॉक्टरीणबाईंच्या खणात. तरी त्याने पाहिलं. रेघ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल, आणि खाली पावलंही मोजलेली.

तो ताडकन उठून बसला. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. आणि मग त्याला हसूच आलं. खण काही रात्री घरभर फिरत नाही. म्हणजे इतके दिवस हा फोन चक्क थापा मारत होता. त्याला काही झालेलं नव्हतं. डोक्यावरून ओझं उतरावं तसं वाटलं त्याला. आजच क्रेनवर चढायचं, असं ठरवून तो फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला.

"अगं, हा फोन पक्का थापाड्या निघाला."

"माझाही बिघडलाय वाटतं," ओट्यापाशी पाठमोरी उभी असलेली बायको म्हणाली. "आज रेघच उमटली नाही."

चहाचे कप घेऊन ती टेबलाकडे निघाली. त्याच्या हातातल्या फोनवर पावलांचा आकडा सरकू लागला. तो तर जागच्या जागी उभा होता. तिने कप खाली ठेवले, आकडा थांबला. ती साखर आणायला वळली, आकडा पुन्हा सरकू लागला. परत येऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली, तेव्हा आकडाही थांबला.

तिच्या मनगटावरच्या काळ्या पट्ट्याकडे तो पाहतच राहिला.

"तुम्ही मात्र काल छान झोपलात हो," ती म्हणाली. "रात्रभरात एकदाही कूस बदलली नाहीत."