ओढ्याकडचा खांब

दोरीवरून पाच शर्ट ठिबकत होते. आई पागेकडून रिकामी बादली घेऊन आली आणि ते बघून जागच्या जागी थबकली.

“धुतलेस हे?”

“दोनदा. साबण लावून,” लेक म्हणाली. घासून घासून तिची बोटं लाल झाली होती आणि आता शाबासकी मिळेल असं तिला वाटत होतं. आईने बादली खाली ठेवली आणि ती पायरीवर बसली.

शर्ट बाबांचे. चार कुंपणाच्या खांबांवर टांगलेले होते, पाचवा पागेच्या दारामागच्या खिळ्याला. लेक आदल्या दिवशीच चार दिवसांसाठी माहेरी आली होती. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांचे कपडे असे उन्हात, धुळीने माखलेले तिला बघवेनात. म्हणून आई घोड्यांना पाणी दाखवायला गेल्यावर तिने सगळे उतरवले. धुऊन, इस्त्री करून नीट घडी घालून ठेवायचे, एवढंच तिच्या मनात होतं.

खांबांवर शर्ट का, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. घोडी व्याली की बाबा अंगातला शर्ट आठ दिवस बदलायचे नाहीत. त्यातच खरारा करायचे, त्यातच लीद काढायचे, त्यातच झोपायचे. आठव्या दिवशी तो शर्ट कुंपणाला जायचा आणि अंगात दुसरा चढायचा. शिंगरावर टपलेला लांडगा माणसाचा वास आला की लांबूनच वळतो, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसांत आई त्यांचं ताट बाहेर ओट्यावर ठेवायची आणि शर्टांच्या नावाने बोटं मोडायची. शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, तुमच्याकडे कुंपणावर माणसं वाळत घालतात का? लेक लाजेने अर्धमेली व्हायची. बाबा मात्र खुशाल हसायचे. “मी झोपलो तरी माझा शर्ट जागा असतो,” म्हणायचे. ते हसणं पुन्हा एकदा ऐकायला आज तिने काय वाटेल ते दिलं असतं.

“अगं, पण दीड वर्ष झालं,” ती म्हणाली. “त्यांना बाबांचा वास थोडाच राहिला होता?”

“त्यांचा कुठला? माझा होता.” आई दोरीकडे बघत होती. “ते गेल्यापासून मीच घालते. एकेक, आठ-आठ दिवस. बाह्या दुमडल्या की येतो अंगाला. पाचवा आज न्हायला म्हणून काढला होता, आता अंगावर आहे ते धुतलेलं.”

आई पुढे म्हणाली, “ओढ्याकाठी लांडग्याची पावलं उमटलीत. आज सकाळी बघितली.”

कुंपणाच्या आत सहा दिवसांचं तांबूस शिंगरू आपल्या चार पायांत धडपडत होतं. त्याची आई बाबांनी हाताने भरवून वाढवलेली घोडी, आणि तिच्या वयाकडे बघता हे तिचं शेवटचंच वेत. पागेचं छप्पर गेल्या वादळात उडालं होतं, एक भिंतही बसली होती. मायलेकरांना आत घेण्याची सोय नव्हती.

“माझा कुडता लाव. प्रवासातला आहे, मळका.”

आईने तो हुंगला. “ह्याला सेंट आहे. लांडगा येईल, शिंकेल आणि आत शिरेल.”

“मग आपण जागू.”

“जागू की. पण हल्ली माझा डोळा लागतो गं.”

आई उठून आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती, तोंडाला तीन गाठी मारलेली. तिने गाठी दातांनी सोडवल्या. आत चौकड्यांचा शर्ट होता, कॉलर काळवंडलेली, खिशाला गवताची काडी चिकटलेली. घाम, घोडा आणि सांध्यांना लावायचं तेल यांचा वास आला. शर्ट कुणाचा हे लेकीला विचारावं लागलं नाही. बाबा मागे येऊन उभे राहिल्यासारखं तिला वाटलं.

“दवाखान्यात नेलं तेव्हा अंगात होता,” आई म्हणाली. “हा माझ्यासाठी ठेवला होता. एकदाही उघडला नाही. वाटायचं, उघडला की संपेल.”

“नको गं आई. एका रात्रीत वास जाईल.”

आई तोवर निघालीसुद्धा होती. ओढ्याकडच्या खांबावर तिने शर्ट चढवला, वरची दोन बटणं लावली आणि कॉलर सरळ केली. मग त्याच्या पाठीवर उगाच हात फिरवला.

त्या रात्री दोघी घोंगडी पांघरून, बॅटरी घेऊन ओट्यावर जागत बसल्या आणि व्हायचं तेच झालं. जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. दोघी अनवाणीच धावल्या.

शिंगरू घोडीला ढुशा देत दूध पीत होतं.

ओढ्यापासून वर चिखलात पावलांची रांग आली होती. दोन जनावरं असावीत. खांबापासून दहा पावलांवर चिखल तुडवलेला होता, ती तिथे बराच वेळ थांबली होती. तिथून दोन्ही रांगा वळून ओढ्याकडे परत गेल्या होत्या.

शर्ट दवाने चिंब झाला होता. आईने कॉलरला नाक लावलं. ओल्या कापडाखेरीज त्याला आता कसलाच वास नव्हता. लेकीचे डोळे भरून आले, पण आईचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती वाकून त्या परतलेल्या पावलांकडे बघत होती आणि चारचौघांत नवऱ्याचं कौतुक झाल्यासारखी लाजून हसत होती.

“बघ,” ती म्हणाली, “अजून ओळखतात त्यांना.”