तड्यावरची काच

स्वयंपाकघराच्या भिंतीला गेलेल्या तड्यावर बोटभर रुंदीची काचेची पट्टी आडवी चिकटवलेली होती. इमारतीखालून मेट्रोचा बोगदा खणायला सुरुवात झाली, तेव्हा इंजिनीअर ठोंबरे यांनी ती लावली. भिंत केसभर जरी सरकली, तरी काच तडकणार होती.

निवृत्त विज्ञानशिक्षिका सिंधूताई तीन वर्षं रोज सकाळी भिंगातून ती तपासत आल्या. काच अखंड राहिली, तरी मुलाचं टुमणं चालूच होतं. "आई, गिऱ्हाईक थांबलंय. घर विकून माझ्याकडे चल."

"बघू," एवढंच त्या म्हणायच्या.

आज स्टेशन सुरू झालं. मुलाला घेऊन त्या सरकत्या जिन्याने थेट आपल्या घराखाली उतरल्या. फलाटावर ठोंबरे भेटले.

"बाई, आज तरी पैकीच्या पैकी मार्क द्या!"

"आधी प्रॅक्टिकल होऊ दे," म्हणत सिंधूताईंनी खांबावर तळवा टेकवला. गाडी आली, थांबली, निघून गेली. तळव्याला मुंगी चालल्याएवढंच जाणवलं.

"शाब्बास," त्या हळूच म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या.

"त्या गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून कळव. मी इथंच राहणार."