कार्डावरची तीन मिनिटं

मस्कतमधल्या कामगार वस्तीत एकच फोन होता आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापुढे मोठी रांग. याकूबची पाळी आली तेव्हा त्याने नाण्याने नव्या कार्डावरची चंदेरी पट्टी खरवडली. खालचे बारा आकडे दाबताना घामेजलेलं बोट घसरलं. पुन्हा पहिल्यापासून. मागचे कुरकुरले. शेवटी यंत्रातल्या बाईने सांगितलं, तीन मिनिटं आहेत.

दापोलीच्या दवाखान्यात नर्सने फोन उचलला. "थांबा हं, तुमच्या वडिलांना बोलावते." थांबण्यातच एक मिनिट गेलं. याकूब फोनची वायर बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"मुलगी झाली," अब्बांचा आवाज आला. "जुबेदा बरी आहे. पोर माझ्या हातात आहे. तिच्या कानात अजान द्यायची राहिलीय."

"तुम्हीच द्या अब्बा. कार्ड संपतंय."

"बाप जिवंत असताना मी कशाला? फोन तिच्या कानाशी धरतो. दे तू."

याकूबने डोळे मिटले आणि हलक्या आवाजात अजान सुरू केली. मागची कुरकुर थांबली. मध्येच यंत्रातली बाई काहीतरी बोलली, पण तो थांबला नाही. शेवटची ओळ ओठांवर असतानाच लाइन तुटली.

तो रिसीव्हर धरून तसाच उभा राहिला. मागच्या केरळी माणसाने आपलं कार्ड पुढे केलं. "पूरा करो, भाई."

अब्बांनी पहिल्याच घंटेला फोन उचलला. "आम्ही हललोच नाही," ते म्हणाले. "म्हण पुढं."